एकही फट नसलेलं वेळापत्रक

फोन आला तेव्हा मी डमडमच्या बाजारात मासेवाल्या गणेशदाला सांगत होतो की आमच्या रत्नागिरीला पापलेट एवढं दांडगं मिळतं की ते घरात घ्यायला दाराची चौकट उखडावी लागते. गणेशदा खवले काढता काढता मान डोलावत होता, शेजारची दोन गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून ऐकायला थांबली होती आणि मी चौकट उखडायला सुतार बोलावण्यापर्यंत येऊन पोचलो होतो. फोनवर शैलावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले. आत्ताच. चहाचा कप हातातच होता," एवढंच म्हणाल्या. मी फोन खिशात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. गणेशदाची सुरी थांबली होती. "तारपर, दादा?" त्याने विचारलं. मग पुढे? त्याला बिचाऱ्याला चौकटीचं काय झालं ते हवं होतं...

मधुकर निमकर, म्हणजे आमचा मध्या, जाऊन आता दीड महिना होईल. आम्ही एकाच इमारतीत वर-खाली राहायचो. बँकेने मला तीन वर्षांसाठी कोलकात्याला एस्प्लनेडच्या शाखेत पाठवलं होतं आणि त्या तीन वर्षांची तीस कशी झाली हे बँकेलाही कळलं नाही. मध्या मात्र इथलाच. त्याचे वडील गोदीच्या कचेरीत, बालपण सगळं खिदिरपूरला गेलेलं. घरात सदाशिव पेठेलाही लाजवेल असं मराठी आणि जिना उतरला की असं बंगाली, की रिक्षावाले त्याला भाडं सांगण्याआधी त्याचं गाव कुठलं ते विचारायचे. गणिताचा प्राध्यापक. माझी कुठलीही गोष्ट संपली की तो डोळे मिटून म्हणायचा, "पाटणकर, भागिले चार." आणि गंमत अशी, की चारने भागल्यावर जे उरायचं ते बहुतेक वेळा बरोबर असायचं. तेव्हा वाचकहो, पुढचं सगळं तुम्हीही खुशाल चारने भागत चला. जिथे भागायचं नाही तिथे मी सांगेन.

मध्या ज्या खासगी कॉलेजात शिकवायचा तिथलं वेळापत्रक वीस वर्षं त्याच्या हातात होतं. इथे त्याला 'रुटीन' म्हणतात. मध्याचं रुटीन म्हणजे काय चीज होती ते काय सांगू! घंटा वाजवणारा शिपाई घड्याळाकडे न बघता मध्याच्या चालण्याकडे बघून घंटा द्यायचा. एका बाईंना शुक्रवारी दुपारी गाणं शिकायला जायचं असायचं; एकाही वर्गाचा तास न बुडवता त्यांना सलग अकरा वर्षं शुक्रवार दुपार मोकळी मिळाली, आणि ती नेमकी कुठून आली हे इतर कुणाला कधी सापडलं नाही. पण मध्याची खरी करामत वेगळीच होती. वरून काही वेडगळ हुकूम आला, रविवारी तास घ्या, पहिला तास सक्तीच्या कवायतीचा ठेवा, की सगळे प्राध्यापक मध्याकडे बघायचे. मध्या हुकमाचा कागद दोनदा वाचायचा, चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "बसत नाही." बास. गणितच ते, त्याच्याशी कोण भांडणार? कागद परत जायचा. संपाने जे झालं नसतं ते या दोन शब्दांनी व्हायचं. आणि ते खरोखरच बसत नव्हतं का, हे मी त्याला एकदाच विचारलं होतं. "पाटणकर," तो म्हणाला, "बसवलं तर काय बसत नाही?"

सहा वर्षांपूर्वी नवे प्रिन्सिपॉल आले. मृदू बोलणारे, स्वच्छ कपड्यांतले, कुणालाही 'आपण' म्हणणारे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की पालकांच्या तक्रारी आहेत. तेव्हा यापुढे मुलं पुढच्या जिन्याने, मुली मागच्या. वर्गात बाकं वेगळी. वाचनालयाचे दिवस वेगळे. आणि प्रयोगशाळेत मुलं-मुली एकत्र नकोत. जिने, बाकं, वाचनालय हे सगळं एका पाटीचं काम होतं. अडलं ते प्रयोगशाळेत. ती एकच होती. दिवसाला दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा घरं. त्यात मुलामुलींच्या मिळून नऊ तुकड्या नीट बसायच्या, तीन घरं चहा प्यायला उरायची. आता प्रत्येक तुकडी फोडून दोन करायच्या म्हणजे झाल्या अठरा. अठरा तुकड्या, बारा घरं. मध्याने चष्मा पुसला. "बसत नाही." प्रिन्सिपॉल हसले आणि म्हणाले, ठीक आहे, मग सध्या राहू दे. सगळा स्टाफ खाली कॅन्टीनमध्ये जाऊन मध्याच्या नावाने कटलेट खाऊन आला.

तिथेच ते संपलं असतं. खरंच संपलं असतं.

पण त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत निबंधस्पर्धेच्या बक्षिसांना पाहुणा मिळेना. मध्याने मंडळाच्या भिडेखातर आपल्या प्रिन्सिपॉलना बोलावलं आणि माइक, दरवर्षीप्रमाणे, माझ्या हातात होता. माझ्या हातात माइक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, हे आमची ही लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. पाहुण्यांना कळावं म्हणून मी हिंदीत सुरू झालो. म्हटलं, आमचे निमकर सर म्हणजे कोण? यांनी मनात आणलं तर हावडा स्टेशनातल्या सगळ्या गाड्या अशा सोडतील की एकीला दुसरीचा भोंगा ऐकू येणार नाही! वाघ, शेळी आणि गवत यांना एकाच खोलीत तीन वर्षं ठेवतील आणि तिघंही पदवी घेऊन बाहेर पडतील! यांना न बसणारं वेळापत्रक अजून जन्माला यायचंय! लोकांनी हसत हसत टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत प्रिन्सिपॉलही वाजवत होते. त्यांच्या शेजारी मध्या बसला होता आणि तो माझ्याकडे असा बघत होता... ती नजर मी तेव्हा कौतुकाची समजलो.

आरतीनंतर प्रसाद घेताना प्रिन्सिपॉल त्याला म्हणाले, "निमकरबाबू, आपण तर आमच्यापासून लपवून ठेवलंत!"

घरी येताना जिन्यात मध्या मला म्हणाला, "तुझी जीभ एखाद्या संग्रहालयाला देऊन टाक." मी म्हटलं, "अरे, मग सांग ना त्यांना पुन्हा, बसत नाही म्हणून!" आता इथे मला स्वतःला थोडं वाचवता येईल, कारण पुढच्या रविवारी मी खाली गेलो तेव्हा त्याने कॅरमबोर्ड पुसून त्यावर खडूने रेघा मारलेल्या होत्या. त्याच बोर्डावर आम्ही इतकी वर्षं दर रविवारी खेळायचो. आता त्यावर सहा उभे दिवस आणि दोन आडव्या पाळ्या होत्या. नऊ काळ्या सोंगट्या मुलांच्या तुकड्या, नऊ पांढऱ्या मुलींच्या. "बघ, कॅरम करणाऱ्यालाच ठाऊक होतं," तो म्हणाला. राणीला या खेळात काम नव्हतं, ती डब्यातच राहिली. त्याचे डोळे चमकत होते. मी काही मध्याला पहिल्यांदा बघत नव्हतो. अवघड गणित मिळालेला मध्या आणि ताटात श्रीखंड पडलेला मध्या यांत फरक करणं कठीण. चार रविवार तो त्या सोंगट्या सरकवत होता. चौथ्या रविवारी त्याने खडू घेतला आणि बारा घरांच्या वर आणखी एक ओळ आखली. सकाळी पावणेसात. "सकाळ रिकामी आहे, पाटणकर! सकाळ आम्ही कधी मोजलीच नव्हती!" सहा घरं नवी, एकूण अठरा. त्या सकाळच्या ओळीत त्याने तीन पांढऱ्या ठेवल्या आणि तीन काळ्या, म्हणजे त्रास झाला तरी दोघांना सारखाच. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शैलावहिनींनी आतून विचारलं, "राणी घेतली का कुणी?"

प्रिन्सिपॉल ते बघायला घरीच आले. मीही होतो. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती त्यांनी मागून घेतली. बोर्डाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अपूर्व. फक्त एक... मुली दुपारच्या आत घरी गेलेल्या पालकांना बऱ्या वाटतात." आणि त्यांनी एक बोट पुढे केलं. सकाळच्या ओळीतली एक काळी खाली ओढली, खालची पांढरी वर सरकवली. मग दुसरी. मग तिसरी. पावणेसातच्या ओळीत सहाच्या सहा पांढऱ्या झाल्या, उरलेल्या तीन मधल्या ओळीत. दुपार सगळी काळी. मान वर करून त्यांनी विचारलं, "बसतं ना?"

खोलीत पंखा फिरत होता. मी मध्याकडे बघत होतो. तो चष्मा पुसत होता आणि माझी खात्री होती की आता ते दोन शब्द येणार. त्याने चष्मा लावला, बोर्डावरून नजर फिरवली, ओठ हलवत मोजलं आणि म्हणाला, "हो. असंही बसतं."

खोटं बोलायचं एवढं एकच ठिकाण होतं आणि तिथे तो खरं बोलला. हे चारने भागू नका.

मग गणवेश आला. मी सगळीकडे सांगत असे की प्रिन्सिपॉलना मुलींना पांढरा सलवार-कमीज आणि मुलांना काळी पँट ही कल्पना आमच्या कॅरमबोर्डावरूनच सुचली. हे तुम्ही भागा, मध्या भागायचा. पण मुलींना पांढरं आलं हे खरं, आणि पांढरी ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून. फाटकाशी एक बाई सेफ्टी पिनांचा डबा घेऊन बसू लागल्या. मुलांच्या काळ्या पँटकडे कुणी बघायचं नाही. निळ्या जीन्समधली मुलं 'काळीच आहे, धुऊन फिकटली' म्हणत आत जायची. कोलकात्यातल्या जुलैत, जिथे धुतलेला रुमाल तीन दिवस वाळत नाही आणि चौथ्या दिवशी त्याला बुरशी येते, तिथे रोज पांढरं!

सोमा मंडल ही फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. बनगाव लाइनवरच्या एका लहान स्टेशनापासून सायकलने पाऊण तास आत तिचं गाव. मध्या गणित शिकवताना फळ्याकडे बघायचा, पण मधूनच मागे वळून फक्त तिच्याकडे बघायचा. तिची मान हलली तर पुढे जायचा, नाही तर पुसायचा. मला सांगायचा, "पाटणकर, ही मुलगी पुढे जाणार. माझ्यासारखी इथे खडू झिजवत बसणार नाही." तिचं प्रॅक्टिकल पांढऱ्यांच्या ओळीत सोमवारी पावणेसातला आलं. घरातून चारला निघायचं, अंधारात सायकल, मग पहिली गाडी. तीन आठवडे ती आली. चौथ्या सोमवारी तिची ओढणी वाळली नव्हती म्हणून ती आईची फिकट पिवळी ओढणी पिना लावून घेऊन आली. फाटकावरच्या बाईंनी तिला परत पाठवलं. मध्या वरच्या खिडकीत होता. तो खाली येईपर्यंत ती ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली होती. त्याने हाक मारली. तिने तिथूनच सांगितलं, "सार, काल थेके आर आशबो ना." उद्यापासून येणार नाही. रडली-बिडली नाही. दूध नको म्हणून सांगतात तसं सांगितलं.

परीक्षेचा फॉर्म भरायला महिना होता. प्रॅक्टिकलची हजेरी नसेल तर फॉर्म नाही. त्या महिन्यात मध्या दुसरं काही करत नव्हता. प्रिन्सिपॉलकडे गेला, म्हणाला, सोमवारच्या त्या घरात मुलांची तुकडी टाका, सोमाची दुपारी आणा. प्रिन्सिपॉल म्हणाले, "निमकरबाबू, मुलं एवढ्या लवकर उठत नाहीत. हजेरी घसरेल." मग तिला मधल्या ओळीत आणायचं तर तिथली दुसरी पांढरी वर जाणार, तिच्यात तितक्याच लांबून, बशीरहाटकडून येणारी मुलगी. ती बदलली तर तिसरी. एका सोमाला उजेडात आणायचं तर दुसरी कुठली तरी सोमा अंधारात पाठवावी लागत होती. शेवटी एका बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे रुटीन बसत नाही." प्रिन्सिपॉलनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ते मध्याच्याच सुरेख अक्षरात फ्रेम करून लावलेलं होतं. "आपलंच तर आहे," ते म्हणाले. कुणी हसलंसुद्धा नाही.

एका रविवारी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. शैलावहिनींनी मागची खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती. सोमाने रविवारी रात्री आमच्याकडे यावं आणि सोमवारी प्रॅक्टिकल करून जावं, असा बेत. तिच्या वडिलांनी आम्हाला बाजेवर बसवलं, मुरी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. हात जोडून म्हणाले, मास्टरमोशाय, आपण देवमाणूस, पण मुलगी परक्या घरी ठेवली तर इथे मला तोंड दाखवता येणार नाही. आणि पुढच्या वर्षी दुसरी येईल, तिलाही ठेवाल? किती खोल्या आहेत आपल्याकडे? मी, ज्याने आयुष्यात कधी उत्तर चुकवलं नाही तो मी, मुरी चावत राहिलो. सोमा ओसरीवर गावातल्या पोरींची शिकवणी घेत होती. आम्ही निघताना ती सायकल धरून आमच्याबरोबर वळणापर्यंत आली. तिने विचारलं, "सार, रुटीनटा की आपनि कोरेछेन?" ते रुटीन तुम्ही केलंय का? मध्या म्हणाला, हो. तिने सायकल दुसऱ्या हाताला घेतली. मग म्हणाली, "खूब शुंदोर, सार. एकटाओ फाँक नेई." फार सुंदर आहे. एकही फट नाही. टोमणा नव्हता तो. वाचकहो, मी टोमणे ओळखण्यात आयुष्य घालवलंय. तिला खरंच ते सुंदर वाटलं होतं, आणि ते किती सुंदर आहे हे कळणारी त्या कॉलेजात ती एकटीच होती.

परतीच्या गाडीत मी हावडा स्टेशनाची एक गोष्ट सुरू केली. मध्याने भागिले चार म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही.

सोमाचा फॉर्म गेला नाही. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी गळली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोघी. मध्या निवृत्त झाला तरी कॅरमबोर्ड तसाच. आमचा रविवारचा डाव बंद पडला. मी जायचो, चहा प्यायचो, तो सोंगट्या सरकवायचा आणि पुन्हा होत्या तिथे ठेवायचा. रोज पेपर वाचून झाला की त्याच पेपराने बोर्ड झाकायचा, धूळ बसू नये म्हणून. जाण्याआधीच्या रविवारी मात्र त्याचा चेहरा जरा उजळलेला दिसला. "पाटणकर, फट पडेल," तो म्हणाला. मी पुढे सरकलो. "मुलींचे प्रवेश कमी होतायत. असंच चाललं तर दोनेक वर्षांत त्यांच्या दोन तुकड्या एकत्र कराव्या लागतील. मग मधल्या ओळीत एक घर रिकामं होईल." आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं... त्याने पेपर ओढून बोर्डावर घातला.

कॉलेजने शोकसभा घेतली. डावीकडे मुलं, उजवीकडे मुली, पांढऱ्या, पिना लावलेल्या. मागच्या चार रांगा रिकाम्या, उजवीकडच्याच. प्रिन्सिपॉल गहिवरून म्हणाले की निमकरबाबू आपल्या रुटीनमध्ये अमर आहेत, त्यात एक तासही आम्हाला हलवावासा वाटत नाही. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक हातात आला. मी घरून ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते, सोमाचं नाव घेऊन बोलायचं होतं. मी समोर पाहिलं आणि शुक्रवारच्या गाण्याची गोष्ट सांगितली. लोक खूप हसले. मी गणपतीतही असाच हशा घेतला होता.

परवा शैलावहिनींनी मला खाली बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, तो बोर्ड तेवढा पुसून टाका आणि एक डाव मांडा माझ्याशी. मला येत नाही, पण मांडा. हे असं झाकलेलं घरात बघवत नाही हो." मी पेपर काढला. तारीख तो गेला त्याच दिवसाची होती. ओलं फडकं हातात घेतलं, पण आधी सोंगट्या उचलायला हव्यात म्हणून सोमवार-पावणेसातची पांढरी उचलली. खाली लाकडावर तिच्या आकाराचा फिकट गोल होता, बाकी बोर्ड काळवंडलेला. सहा वर्षांत मध्याने ती किती वेळा उचलली असेल आणि नेमकी तिथेच परत ठेवली असेल...

वहिनी डब्यातून स्ट्रायकर काढून समोर बसल्या होत्या. मी ती सोंगटी हातात धरून एकेक घर पाहिलं, सकाळची ओळ, मधली, दुपारची. मला वाटलं मध्याचं काहीतरी राहून गेलं असेल. तो गणिताचा माणूस, मी थापांचा, मला एखादी जागा दिसेल. पुन्हा एकदा पाहिलं. मग मी ती त्याच गोलावर परत ठेवली. ठेवायला दुसरी जागाच नव्हती.